घरकाम करणाऱ्या ताईंची नोकरी : पगार, सुट्टी आणि मान कसा ठरवाल?

आम्ही आठ दिवस गावाला गेलो, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे का? दिवाळीला किती द्यायचे? महिन्यात चार खाडे झाले, आता काय करायचं? शेजारचे देतात त्यापेक्षा जास्त दिले तर सोसायटीत कुरबुर होईल का? घरकाम करणाऱ्या ताईंबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून हेच असतात.

या गोंधळाचं मूळ पहिल्या दिवसात असतं. ऑफिसात रुजू होताना आपण पगार, रजा, कामाचे तास लिहून मागतो. घरी मात्र “उद्यापासून या, बाकीच्यांचं बघून ठरवू” एवढ्यावर काम सुरू होतं. पुढे प्रत्येक सुट्टी ही सवलत वाटू लागते आणि प्रत्येक पगारवाढ हे उपकार.

एक गोष्ट पक्की धरली की यातले बहुतेक प्रश्न सुटतात : धुणी-भांडी, केर-लादी, पोळ्या, मुलं किंवा आजारी माणसं सांभाळणं ही नोकरी आहे, आणि तुमचं घर हे त्या नोकरीचं ठिकाण आहे. हे म्हणणं नवीन नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि भरपगारी सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या. इतकी वर्षं झाली, तरी अनेक घरांत या दोन गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत.

कायदा कुठवर येतो?

घरकामगारांचा पगार, तास आणि सुट्ट्या ठरवून देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा करता येईल का, हे तपासण्यासाठी समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितलं. तरीही काही आधार आज उपलब्ध आहेत :

- महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि त्यांच्यासाठीच्या कल्याणकारी योजना या कायद्याखाली येतात.
- कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. घर हेही कामाचं ठिकाण आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.
- बालकामगार कायदा. १४ वर्षांखालच्या मुलामुलींना घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. “आमच्याकडे शाळेतही घालू” हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. असं मूल कुठे कामाला दिसलं तर १०९८ या क्रमांकावर कळवा.
- वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६. उचल दिली म्हणून कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही.

पगाराचा आकडा, सुट्ट्या, बोनस, कामाची यादी हे बाकीचं सगळं तुमच्या दोघींच्या बोलण्यातून ठरतं. म्हणून ते बोलणं नीट व्हायला हवं.

पगार : आधी तासांचा हिशेब मांडा

“भांड्यांचे एवढे, केर-लादीचे एवढे” असा वस्तीतला दर असतो. तो माहीत असावा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढचा हिशेब एकदा कागदावर करा :

1. तुमच्या घरात रोज किती वेळ जातो ते सलग आठवडाभर पाहा. पाहुण्यांचा दिवसही त्यात धरा.
2. तो वेळ महिन्याच्या कामाच्या दिवसांनी गुणा. रोज दोन तास आणि २६ दिवस म्हणजे ५२ तास.
3. पगाराला या तासांनी भागा. २,६०० रुपये देत असाल तर तासाला ५० रुपये पडतात.
4. आता हा दर तुमच्या शहरातल्या खोलीभाड्यासमोर, गॅस-रेशनच्या खर्चासमोर ठेवा. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यात जो वेळ आणि बसभाडं जातं, त्याचे पैसे ताईंना कुणीच देत नाही, हेही लक्षात घ्या.

“आमचं तर दोनच तासांचं काम” असं प्रत्येक घर म्हणतं. पण ताईंनी पाच घरं धरलेली असतात आणि ती पाच मिळून तिची पूर्णवेळ नोकरी होते. पाचही घरांनी आजारपणाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली, तर ती कुणाचीच राहत नाही. तुमच्या तासांच्या प्रमाणात तुमचा वाटा उचला. दोन तासांच्या कामालाही सुट्टी, बोनस आणि वाढ लागू होते.

शेजाऱ्यांच्या नाराजीची काळजी करू नका. एखाद्या सोसायटीने ठरवून सगळ्यांचे दर खाली धरून ठेवणं हे अन्यायाचं आहे. अशा ठरावात तुम्ही सामील होऊ नका.

पहिल्या दिवशी बोलायच्या गोष्टी

वहीचं एक पान पुरतं. दोघींनी सही करा आणि एक प्रत तिला द्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, तिच्या मुलालाही वाचायला सांगा. त्यात हे असावं :

- कोणकोणती कामं, आणि कोणती नाहीत. “वरकाम” हा शब्द टाळा, यादी करा.
- येण्याची वेळ, आणि मागे-पुढे किती चालेल.
- पगार, आणि तो कोणत्या तारखेला. १ ते ५च्या आत द्या. “सुट्टे नाहीत, उद्या बघू” हे तिच्या घरभाड्याच्या तारखेला चालत नाही.
- पैसे रोख की खात्यात. खात्यात असतील तर ते तिच्या स्वतःच्या खात्यात.
- आठवड्याची सुट्टी, सणांच्या सुट्ट्या, आजारपणाच्या रजा.
- जास्तीच्या कामाचा दर : पाहुणे, पूजा, दिवाळीची साफसफाई.
- दिवाळीचा बोनस आणि पगारवाढीचा महिना.
- काम सोडताना किंवा सोडवताना किती दिवस आधी सांगायचं.

पोलिस पडताळणी करायची असेल तर आधी तिला सांगा आणि कागदांच्या झेरॉक्सवर भागवा. मूळ आधारकार्ड किंवा रेशनकार्ड स्वतःकडे ठेवून घेऊ नका.

सुट्टी, खाडा आणि तुमचं गावाला जाणं

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात.

आठवड्याची सुट्टी. चार रविवार देणं उत्तम. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि तेवढं जमत नसेल, तर निदान महिन्याला दोन ठरलेल्या भरपगारी सुट्ट्यांपासून सुरुवात करा आणि वर्षभरात चारवर या. सुट्टीचा वार आधी ठरलेला असला की ती स्वतःची कामं त्या दिवशी लावू शकते, आणि न सांगता होणारे खाडेही कमी होतात.

आजारपण. वर्षाला १० ते १२ भरपगारी दिवस धरा. डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावू नका, त्या चिठ्ठीसाठी तिला दवाखान्याची फी भरावी लागते. तापाने फणफणलेल्या बाईला कामावर बोलावण्यात तुमच्या घराचाही तोटा आहे.

तुम्ही गावाला गेलात तर. पगार पूर्ण द्या. तिने तुमच्यासाठी ती वेळ राखून ठेवली आहे आणि आठ दिवसांसाठी तिला दुसरं घर मिळत नाही. तुम्ही ऑफिसला गेलात आणि त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून कंपनी पगार कापत नाही. हाच न्याय इथे लावा.

ती गावाला गेली तर. जत्रा, लग्नसराई, मे महिना या काळात तिला पंधरा दिवस जायचं असतं. वर्षातून एकदा अशी रजा आधीच ठरवून ठेवा : निम्मी भरपगारी, निम्मी बिनपगारी असा मध्यम मार्ग काढता येतो. बदली बाई तिनेच शोधावी ही अट घालू नका. तिने आपणहून आणली तर बदलीचे पैसे तुम्ही द्या, तिच्या पगारातून कापू नका.

बाळंतपण. काम राखून ठेवा आणि निदान काही आठवड्यांचा पगार द्या. चार-पाच घरांनी मिळून हा खर्च वाटून घेता येतो. त्यासाठी त्या घरांशी तुम्ही आपणहून बोला, तिला दारोदार विचारायला लावू नका.

बोनस, वाढ आणि उचल

- दिवाळीचा बोनस म्हणजे एक महिन्याचा पगार, रोख. साडी आणि फराळ द्यायचा असेल तर त्याच्यावर जादा द्या. वापरलेले कपडे किंवा जुनी भांडी बोनसमध्ये मोजू नका. वर्ष पूर्ण झालं नसेल तर महिन्यांच्या प्रमाणात रक्कम काढा.
- पगारवाढ दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, न मागता. महागाई वाढली आणि पगार तोच राहिला, तर प्रत्यक्षात तुम्ही पगार कमी केला आहे. घरात माणूस वाढलं, बाळ झालं, आजी राहायला आली, तर वर्षाची वाट न पाहता तेव्हाच वाढ द्या.
- उचल बिनव्याजी असावी. दरमहा कपात पगाराच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको, आणि प्रत्येक हप्ता दोघींच्या वहीत लिहा. “पैसे फिटल्याशिवाय काम सोडता येणार नाही” असं म्हणणं कायद्यात बसत नाही.
- कपबशी फुटली म्हणून पगार कापू नका. रोज शंभर भांडी हाताळणाऱ्या हातातून एखादं पडणारच.

कामात समाधान कसं येईल?

पगार नीट असला तरी माणूस मान खाली घालून काम करत असेल तर ती नोकरी चांगली नाही. इथे फार खर्च लागत नाही, लक्ष लागतं.

तिचं म्हणणं चालू द्या. आधी भांडी की आधी केर, कोणता साबण, कोणता दिवस खिडक्यांचा, हे तिला ठरवू द्या. रोज पाच घरं आवरणाऱ्या बाईला या कामातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांदेखत पुसून घेणं थांबवा. काय हवं ते सांगा, कसं करायचं ते तिच्यावर सोडा.

चांगली साधनं द्या. लांब दांड्याचा मॉप दिला की उकिडवं बसून फरशी पुसावी लागत नाही आणि गुडघे वाचतात. हातमोजे, थंडीत गरम पाणी, ओट्याच्या उंचीचं सिंक किंवा बसायला स्टूल द्या. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरायला सांगू नका, त्यातून विषारी वायू निघतो. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर चढून काचा पुसायला लावणं पूर्ण बंद करा.

शिकण्याची वाट ठेवा. केर-लादी करणाऱ्या ताईंना स्वयंपाक शिकायचा असेल, वॉशिंग मशीन किंवा मोबाइलवरून पैसे घेणं शिकायचं असेल, तर वेळ द्या. कौशल्य वाढलं की त्याप्रमाणे पगार वाढवा. दुसरं चांगलं काम मिळत असेल तर अडवू नका, लेखी शिफारस द्या.

मान रोजच्या गोष्टींत दिसू द्या :

- तिला नावाने ओळखा. मुलांना ताई, मावशी किंवा काकी म्हणायला आणि अहो-जाहो करायला शिकवा.
- वेगळा कप, वेगळी ताटली हा भेदभाव आहे. तो बंद करा.
- तुमचं शौचालय तिला वापरू द्या. पाच घरं फिरणारी बाई दिवसभर पाणी न पिता राहते, ती याच कारणाने.
- सोसायटीत कामगारांसाठी वेगळी लिफ्ट असेल किंवा गेटवर फक्त त्यांच्याच पिशव्या तपासल्या जात असतील, तर सर्वसाधारण सभेत हा विषय तुम्ही मांडा. तिथे तिला मत नाही, तुम्हाला आहे.
- काम छान झालं तर त्याच दिवशी सांगा. चूक झाली तर पाहुण्यांसमोर बोलू नका.

चोवीस तास राहणाऱ्या ताई

रुग्णसेवेसाठी किंवा बाळासाठी राहणाऱ्या बाईंच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते, कारण तिथे कामाची वेळ संपतच नाही. पुढच्या गोष्टी ठरवूनच घ्या :

- रात्रीची सलग आठ तास झोप. रुग्ण रात्री उठत असेल तर दिवसा तेवढी विश्रांती, किंवा रात्रीसाठी दुसरी व्यक्ती.
- झोपायला आतून कडी लागणारी जागा. स्वयंपाकघराची फरशी किंवा बाल्कनी ही जागा नव्हे.
- आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा, घराबाहेर जाण्याच्या मुभेसह.
- स्वतःचा मोबाइल स्वतःजवळ. बाहेरून कुलूप लावून तिला घरात ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो.
- एजन्सीमार्फत आली असेल तर तुम्ही देता त्यातले किती पैसे तिच्या हाती पडतात, हे एजन्सीला लेखी विचारा. उत्तर देत नसेल ती एजन्सी टाळा.

नोंदणी आणि विमा : तुमच्या एका सकाळचं काम

अनेक ताईंना योजना माहीत असतात, पण कागद आणि वेळ नसतो. तिथे तुमची मदत लागते.

1. घरेलू कामगार कल्याण मंडळ. नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयामार्फत होते. वयाचा व राहण्याचा पुरावा आणि फोटो यांच्याबरोबर ती घरकाम करते असं मालकाचं प्रमाणपत्र लागतं. अनेकींची नोंदणी इथेच अडते, कारण “पुढे काही अंगाशी येईल” म्हणून लोक सही करत नाहीत. त्या सहीने तुमच्यावर कसलाही खर्च पडत नाही. निःशंक सही करा. प्रसूतीसाठी मदत आणि अंत्यविधीसाठी वारसाला सहाय्य असे लाभ मंडळाच्या योजनांत आहेत.
2. ई-श्रम. ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांची नोंदणी विनामूल्य होते. आधार, मोबाइल आणि बँक खातं एवढंच लागतं.
3. विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. जीवन ज्योती विम्यात ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाख, प्रवेशाचं वय १८ ते ५०. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये होतात. ते तुम्ही भरा.
4. म्हातारपण. १८ ते ४० वयाच्या ताईंसाठी अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत पेन्शन निवडता येतं. हप्त्याचा निम्मा भाग तुम्ही उचललात तर तो खरा बोनस ठरेल.

वाद, संशय आणि छळ

वस्तू सापडत नसेल तर आधी घरभर शोधा, घरातल्यांना विचारा. तिची झडती घेणं, कोंडून ठेवणं, मारहाण करणं, पगार अडवणं यातलं काहीही करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. संशयाला आधार असेल तर पोलिसांत तक्रार द्या, बाकीचं ते करतील. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तिचा फोटो टाकून आरोप करू नका. एका संदेशाने तिची पाचही घरं जातात, आणि वस्तू नंतर सापडली तरी ती घरं परत मिळत नाहीत.

लैंगिक छळ झाला तर घरकामगार महिलेला जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर घरकामगारांच्या बाबतीत समितीने सात दिवसांच्या आत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. तक्रार तुमच्या घरातल्या माणसाबद्दल असेल, तरी तिला गप्प बसवू नका.

काम थांबवायचं असेल तर

- एक महिना आधी सांगा. ते शक्य नसेल तर एका महिन्याचा पगार द्या.
- राहिलेला पगार, जास्तीच्या कामाचे पैसे आणि बोनसचा प्रमाणशीर भाग त्याच दिवशी चुकता करा.
- अनेक वर्षं काम केलं असेल तर निरोपाची रक्कम द्या. ग्रॅच्युइटीचा कायदा एका घराला लागू होत नाही, पण त्याचं सूत्र वापरता येतं : शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ३,००० रुपये पगारावर आठ वर्षं झाली असतील तर ही रक्कम सुमारे १३,८४६ रुपये येते.
- आजारपण, गरोदरपण किंवा पगारवाढ मागणं ही काम सोडवण्याची कारणं असू नयेत.

तुम्ही स्वतः घरकाम करत असाल तर

- घर धरताना कामांची यादी आणि सुट्टीचा वार आधीच बोलून घ्या.
- कामावर गेलेल्या दिवसांची, पगाराची आणि उचलीची नोंद स्वतःकडे ठेवा.
- पैसे स्वतःच्या खात्यात घ्या. बँकेतली नोंद हा कामाचा पुरावा ठरतो.
- खाडा होणार असेल तर शक्य तितक्या आधी कळवा, फोन नसेल तर निरोप पाठवा.
- कुठलाही मूळ कागद कुणाकडे ठेवू नका, न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका.
- वस्तीतल्या इतर जणींबरोबर दराबद्दल बोला, जवळ संघटना असेल तर सभासद व्हा. एकटीने मागितलेली सुट्टी नाकारणं सोपं असतं, वीस जणींनी मिळून मागितलेली नाकारणं अवघड जातं.

सुरुवात कुठून कराल?

हे सगळं एका दिवसात होणार नाही, पण तीन गोष्टी याच महिन्यात होऊ शकतात : वहीच्या पानावर अटी लिहून दोघींच्या सह्या, आठवड्याची सुट्टी, आणि कल्याण मंडळाच्या प्रमाणपत्रावर तुमची सही. बोलायला बसताना ताईंना खुर्ची द्या आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारा : “आमच्याकडच्या कामात तुम्हाला काय बदलायला हवं वाटतं?” उत्तर मिळायला कदाचित वेळ लागेल, कारण हे तिला आजवर कुणी विचारलेलं नसेल. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा, आणि ती जे सांगेल त्यातली निदान एक गोष्ट लगेच बदला.